माझं पुस्तक, माझी किंमत: हे कुठवर चालतं?

राधानगरी तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल ताईंनी मला तीन प्रसंग लिहून पाठवले आहेत. पहिला: गावातल्या दोन मुली कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकतात. त्यांना लागणारं परदेशी पाठ्यपुस्तक ९,००० रुपयांच्या पुढे जातं आणि वाचनालयाची वर्षाची पुस्तकखरेदी त्या एकाच पुस्तकात संपेल. दुसरा: त्यांच्या खोऱ्याच्या इतिहासावरचं एक मराठी पुस्तक ४० वर्षांत पुन्हा निघालेलं नाही. वाचनालयाने ते छापायची तयारी दाखवली, तर लेखकाचे वारस नुसत्या परवानगीचे २ लाख रुपये मागतात. तिसरा: गावातल्याच एका कवीने ९६ पानांच्या संग्रहाची किंमत ३५० रुपये ठेवली. ताईंनी सवलत मागितली तेव्हा तो म्हणाला, "माझं पुस्तक, माझी किंमत." या तिन्हींखाली ताईंचा प्रश्न एकच आहे. कॉपीराइट ज्याच्या हातात आहे, तो किमतीच्या बाबतीत लोकांचं काही देणं लागतो का?

ताई, मी कोल्हापुरात ३१ वर्षं वकिली करते आणि त्यातली बरीचशी लेखक, प्रकाशक, वाचनालयं आणि झेरॉक्सवाले यांच्या कामात गेली. त्याआधी वडिलांचा छापखाना होता. ट्रेडल मशीनच्या आवाजातच मी अभ्यास केला. फर्मा (एकत्र छापली जाणारी १६ पानं) म्हणजे काय, रीम कितीला पडते, बांधणीवाला पैसे कधी मागतो, हे मला कायद्याआधी कळलं. त्यामुळे या प्रश्नाकडे मी नुसती पुस्तकी नजरेने पाहू शकत नाही.

आधी उत्तर देते. स्वस्त विकण्याचं बंधन कॉपीराइटधारकावर नाही. पण दाराला कुलूप घालून बसण्याची मोकळीकही त्याला नाही. किंमत इतकी चढवली की ती "देत नाही" म्हणण्याचाच दुसरा प्रकार होते, तिथून त्याचं देणं सुरू होतं. तुमच्या कवीला हे लागू नाही. वारसांना लागू आहे. परदेशी प्रकाशकाला तर कायद्यात लिहून ठेवलेल्या शब्दांनिशी लागू आहे, फक्त ते देणं आपण कधी वसूल केलं नाही.

"माझी वस्तू, माझा भाव" हे वाक्य गुळाच्या बाबतीत मला पटतं. शाहू मार्केट यार्डात एका अडत्याकडे गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, भाव पटला नाही, तर माणूस पुढच्या दुकानात जातो. शेतकऱ्याने कितीही भाव सांगितला तरी सौद्यात त्याच्या शेजारी दुसऱ्याचा गूळ उभा असतो. पुस्तकाचं तसं नसतं. एका पुस्तकाला विकणारा एकच, आणि तो एकटा राहावा याची काळजी सरकार घेतं. मी माझ्या पैशाने विकत घेतलेलं पुस्तक माझ्याच मशीनवर छापून विकायला लागले, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली मला किमान ६ महिने आणि कमाल ३ वर्षं तुरुंग होऊ शकतो, वर किमान ५०,००० रुपये दंड. म्हणजे कॉपीराइटधारकासाठी पोलीस, न्यायालय आणि तुरुंग ही सगळी यंत्रणा लोकांच्या खर्चाने उभी असते. घर किंवा शेत सांभाळायलाही पोलीस लागतात हे मान्य. पण माझ्या घरात दुसरा राहायला आला तर मला बाहेर पडावं लागतं; माझी कविता हजार जणांनी वाचली तरी ती माझ्याजवळून जात नाही. अशा वस्तूभोवती कुंपण घालायचं तर त्यामागे लोकांचा काही हेतू असावा लागतो. हेतू हा की लिहिणाऱ्याला लिहावंसं वाटावं आणि लिहिलेलं लोकांपर्यंत पोचावं. दुसरा अर्धा भाग सोडून पहिल्या अर्ध्यावर हक्क सांगता येत नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

ही कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. जगातला पहिला कॉपीराइट कायदा मानला जातो तो इंग्लंडचा, १७१० चा, राणी ॲनच्या काळातला. त्याच्या नावातच "विद्येला उत्तेजन" असे शब्द होते. त्यात चौथं कलम असं होतं की पुस्तकाची किंमत कुणाला अवाजवी वाटली, तर त्याने तक्रार करावी. तक्रार ऐकणाऱ्यांच्या यादीत कँटरबरीचे आर्चबिशप, लॉर्ड चॅन्सेलर, न्यायाधीश आणि विद्यापीठांचे कुलगुरू होते आणि त्यांना किंमत उतरवण्याचा अधिकार होता. हे कलम १७३९ मध्ये रद्द झालं. पण हक्क जन्माला आला त्याच दिवशी किमतीची तक्रारही त्याच्याबरोबर जन्माला आली, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुढे १८४१ मध्ये मेकॉलेने ब्रिटिश संसदेत सांगितलं की कॉपीराइट हा लेखकाला बक्षीस देण्यासाठी वाचकावर बसवलेला कर आहे. कर म्हटला की तो कशासाठी आणि किती, हे विचारायचा हक्क भरणाऱ्याला आपोआप मिळतो.

आता आपला कायदा. आपल्याकडे पुस्तकाच्या किमतीवर सरकारी मर्यादा नाही आणि नसावीही. मी छापखान्यात वाढले आहे. किंमत बांधून दिली की सगळ्यात आधी कागद हलका होतो, मग मुद्रितशोधन जातं आणि शेवटी लेखकाची रॉयल्टी जाते. पण कायद्यात एक कलम आहे, ३२अ, ज्यात किंमत हा शब्द थेट येतो. एखाद्या पुस्तकाची आवृत्ती निघून ठरलेली मुदत संपली आणि भारतात ते पुस्तक मिळतच नसेल, किंवा तशाच इतर पुस्तकांच्या इथल्या नेहमीच्या किमतीशी सुसंगत अशा किमतीत ते सहा महिने विक्रीला नसेल, तर कुणीही ते शिक्षणासाठी छापण्याचा परवाना मागू शकतो. मुदत विज्ञान, गणित आणि तंत्रज्ञानाला ३ वर्षं, कथा-कविता-नाटकाला ७ वर्षं, बाकीच्यांना ५ वर्षं. परवाना मिळाला तरी मालकाला रॉयल्टी द्यावीच लागते. फुकट काहीच नाही. आणि मालकाने पुढे स्वतः वाजवी किमतीत पुस्तक आणलं, तर कलम ३२ब प्रमाणे त्याच्या नोटिशीनंतर परवाना संपतो. या रचनेत मला खूप शहाणपण दिसतं. मालकाचा हक्क हिरावून घ्यायचा नाही, त्याला बाजारात यायला लावायचं.

हे कलम १९८३ च्या दुरुस्तीने आलं. त्यामागे १९६७ ची स्टॉकहोमची आणि १९७१ ची पॅरिसची आंतरराष्ट्रीय परिषद आहे. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांनी, त्यात भारत पुढे होता, बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, शिक्षणासाठी सवलती मागितल्या आणि मोठ्या वादानंतर त्या कराराच्या परिशिष्टात आल्या. तुमच्या मुलींच्या हातात परदेशी पुस्तकाची "फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी" असं छापलेली स्वस्त आवृत्ती पडते, तेव्हा तो प्रकाशकाचा उदारपणा असतोच असं नाही. इथली खरेदीची ताकद तो पाहतो, आणि कायद्यातलं हे दार आपल्यामागे आहे हेही त्याला माहीत असतं. स्वस्त आवृत्ती उलटी श्रीमंत देशात जाईल ही भीतीही त्याला असते. अमेरिकेत शिकणाऱ्या एका थायलंडच्या विद्यार्थ्याने घरच्यांकडून अशा आवृत्त्या मागवून तिकडे विकल्या, प्रकाशकाने दावा लावला, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला.

मग ३२अ वापरात का नाही? माझ्या कारकिर्दीत या कलमाखाली परवाना घेऊन आलेला एकही अशील मी पाहिला नाही. कारणं साधी आहेत. अर्जाआधी मालकाला रीतसर विनंती करावी लागते, नकाराचा किंवा मालक न सापडल्याचा पुरावा लागतो, मध्ये ठरावीक महिने जाऊ द्यावे लागतात. पूर्वी अर्ज कॉपीराइट बोर्डाकडे जायचा, मग २०१७ नंतर बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे, आणि २०२१ मध्ये ते मंडळही बरखास्त झालं. आता असे अर्ज कमर्शियल कोर्टाकडे जातात. एका गावच्या वाचनालयाने ९,००० रुपयांच्या पुस्तकासाठी हे सगळं करावं, असं मी म्हणणार नाही. दहा महाविद्यालयांनी मिळून करावं, असं मात्र मी गेली कित्येक वर्षं म्हणते आहे. देणं आहे, पण मागायला कुणी जात नाही, म्हणून ते नसल्यासारखं झालं आहे.

औषधांच्या पेटंटशी तुलना केली की हे जास्त उघडं पडतं. पेटंट कायद्याच्या कलम ८४ मध्ये लोकांना परवडेल अशा वाजवी किमतीत वस्तू मिळत नसेल, तर सक्तीचा परवाना देता येतो. २०१२ मध्ये बायर कंपनीच्या कर्करोगावरच्या औषधाच्या बाबतीत तो नॅटको कंपनीला दिला गेला. महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये होता, तो ८,८८० रुपयांवर आला. किंमत हेच नकाराचं साधन होऊ शकतं, हे तिथे कायद्याने मानलं. पुस्तकाच्या बाबतीत ३२अ सोडलं तर इतकं स्पष्ट कुठे लिहिलेलं नाही. औषधाविना माणूस दगावतो आणि पुस्तकाविना नाही, हे खरं. पण राधानगरीच्या दोन मुलींचं एक वर्ष पुस्तकाविना वाया जातं, आणि ते त्यांना कुणी परत देत नाही.

आता वारसांकडे वळते, कारण तुमच्या तीन प्रसंगांपैकी मला सगळ्यात जास्त तळमळ याची आहे.

कायद्याचं कलम ३१ सांगतं की प्रसिद्ध झालेलं पुस्तक पुन्हा छापायला किंवा छापू द्यायला मालकाने नकार दिला आणि त्यामुळे ते लोकांपासून रोखलं गेलं, तर सक्तीचा परवाना मागता येतो. "२ लाख द्या, मग छापा" हा नकार आहे का? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंटरटेनमेंट नेटवर्क विरुद्ध सुपर कॅसेट या खटल्यात या अंगाने विचार केला. तो खटला रेडिओवरच्या गाण्यांचा होता आणि त्यातलं पोटकलम वेगळं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मक्तेदारी असलेल्या मालकाने अवाजवी अटी घातल्या, तर परवाना मागणाऱ्याला बरोबरीने घासाघीस करता येत नाही, आणि अशा अटी नकारात जमा होऊ शकतात, हा त्यातला विचार पुस्तकालाही लावता येईल असं माझं मत आहे. त्यानंतर २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने खाजगी रेडिओसाठी दर ठरवला तो निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के. म्हणजे वाजवी काय ते ठरवता येतं. ठरवणारा बसलेला हवा.

तरीही, ताई, कोर्टाआधी एक गोष्ट ऐका. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाचं असंच प्रकरण माझ्याकडे आलं. औषधी वनस्पतींवरचं एका वैद्यांचं पुस्तक, शेवटची आवृत्ती १९६० च्या दशकातली. मुलगा पुण्यात होता, त्याने दीड लाख मागितले होते. प्राचार्य चिडले होते, मला म्हणाले नोटीस काढा. मी नोटीस न काढता पुण्याला गेले. त्या गृहस्थांनी कपाटातून एक फाइल काढली. वडिलांनी प्रकाशकाला लिहिलेल्या पोस्टकार्डांच्या नकला होत्या त्यात, वर्षानुवर्षांच्या, सगळ्यांत एकच विनंती: किती प्रती गेल्या ते तरी कळवा. त्या प्रकाशकाने एकदाही हिशेब दिला नव्हता. मुलाला दीड लाख नको होते. वडिलांना कुणी विचारलं नाही याची भरपाई त्याला हवी होती आणि ती मागायची दुसरी रीत त्याला सुचली नव्हती. आम्ही १२ टक्के रॉयल्टी, दर सहा महिन्यांनी लेखी हिशेब आणि पुस्तकात वैद्यांचा फोटो व परिचय, एवढ्यावर करार केला. ५०० प्रती निघाल्या, किंमत २२० रुपये. पहिला हिशेब पोचला तेव्हा त्यांचा मला फोन आला. रक्कम फार नव्हती, पण ते बराच वेळ बोलत राहिले.

हे सांगायचं कारण, वारसांचा आकडा हा बहुतेक वेळा आकडा नसतो. त्यांना बाजार माहीत नसतो, छापणाऱ्यावर विश्वास नसतो, आणि कुणीतरी आपल्या जिवावर पैसे करणार ही धास्ती असते. ती बरेचदा अनुभवातून आलेली असते. तुम्ही त्यांच्यापुढे खर्चाचा कागद ठेवा. पण सगळं समजावूनही ते अडून बसले, तर मी तुमच्या बाजूने ठाम आहे. ज्या खोऱ्याचा इतिहास त्या पुस्तकात आहे, त्या खोऱ्यातल्या पोरांना तो वाचता येऊ नये, इतका हक्क कुणालाच दिलेला नाही.

याला जोडूनच मुदतीबद्दल एक मत मांडते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क राहत असे. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले; त्यांच्या साहित्यावरचा हक्क संपत आला तेव्हा १९९२ मध्ये कायदा बदलून ही मुदत सर्वांसाठीच ६० वर्षं केली. एका लेखकासाठी निघालेला बदल मराठी वाचकालाही लागला. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. जुन्या हिशेबाने त्यांचं लेखन २००१ च्या जानेवारीत मोकळं झालं असतं, ते २०११ मध्ये झालं. त्यानंतर कितीतरी प्रकाशकांनी त्यांची पुस्तकं काढली आणि आज ती जत्रेतल्या स्टॉलवरही मिळतात. त्या मधल्या दहा वर्षांनी गुरुजींना आणखी लिहायला कोणतं उत्तेजन दिलं? ती वर्षं वाचकाच्या खिशातून गेली. किमतीचा खरा निर्णय असा मुदतीतही होतो आणि त्याकडे कुणी पाहत नाही.

आता तुमचे कवी. त्यांना सोडा, ताई. ९६ पानं म्हणजे ६ फर्मे. ३०० प्रती काढायच्या तर अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी धरून आजच्या दराने प्रतीला ११५ रुपयांच्या आसपास पडतात, म्हणजे साधारण ३४,५०० रुपये त्यांनी खिशातून घातले. दुकानदार आणि वितरक मिळून ४० टक्के घेतले की ३५० तले २१० हातात येतात. १६५ प्रती खपल्याशिवाय घातलेले पैसेही परत येत नाहीत, आणि कवितेच्या १६५ प्रती खपणं म्हणजे काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. प्रकाशकाने काढलं असतं तर १० टक्क्यांनी त्यांना प्रतीमागे ३५ रुपये मिळाले असते, तेही हिशेब आला तर. त्यांच्या किमतीने कुणाचं दार बंद होत नाही. वाचनालयाने एक प्रत घेतली की अख्खं गाव वाचू शकतं.

म्हणूनच फुटपाथवरच्या चोरट्या आवृत्त्या आणि मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफ यांना मी वाचकांचा लढा मानत नाही. महागड्या परदेशी प्रकाशकाला त्याने ओरखडा उठतो. ३५ रुपये रॉयल्टीवाल्या मराठी लेखकाचं मात्र पुढचं पुस्तक निघत नाही. "ज्ञान सर्वांचं आहे" म्हणून पीडीएफ पुढे पाठवणाऱ्या कितीतरी चांगल्या माणसांशी मी यावरून भांडले आहे.

सगळ्यात मोठं देणं मात्र जिथे लिहिण्याचा खर्चच लोकांनी केलेला असतो तिथे असतं. विद्यापीठातला प्राध्यापक सरकारी पगारावर, सरकारी अनुदानातून संशोधन करतो. लेख लिहिल्याबद्दल त्याला जर्नलकडून पैसे मिळत नाहीत, तपासणाऱ्या तज्ज्ञांनाही सहसा मिळत नाहीत. मग तोच लेख वाचायला त्याच विद्यापीठाने वर्गणी भरायची. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये "एक राष्ट्र, एक वर्गणी" योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. शिवाजी विद्यापीठासारख्या विद्यापीठांतल्या मुलांसाठी ही मोठी सोय आहे. तरी तो पैसा पुन्हा लोकांचाच, आणि तुमच्या गावचं वाचनालय त्या यादीत बसत नाही. इथे कॉपीराइटधारकाने लेखकाला एक रुपयाही दिलेला नसतो, त्यामुळे "माझी मेहनत, माझी किंमत" हे त्याच्या तोंडी मला मुळीच शोभत नाही. खरी अट पैसे देतानाच घालायला हवी. जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी २०१४ मध्ये आपल्या अनुदानातून झालेले लेख खुल्या भांडारात ठेवण्याचं धोरण केलं, ते योग्य दिशेने होतं. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन भांडारात फुकट मिळतात. तुमच्या मुलींना ते नक्की दाखवा.

किमतीचं आणखी एक देणं आहे, ते म्हणजे दर उघड सांगण्याचं. आपल्या मंगल कार्यालयवाल्यांना गाण्यांच्या परवान्याच्या नोटिसा येतात तेव्हा ते घाबरून मागतील तेवढे पैसे देतात. कलम ३३अ प्रमाणे कॉपीराइट सोसायटीने, म्हणजे हक्कधारकांच्या वतीने परवाने देणाऱ्या संस्थेने, आपलं दरपत्रक प्रसिद्ध करायलाच हवं आणि त्यावर दाद मागता येते. शिवाय लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ कलम ५२ च्या, म्हणजे कोणत्या वापराला परवानगी लागत नाही हे सांगणाऱ्या कलमाच्या, स्पष्टीकरणात सवलतीत येतात. पैसे देण्याआधी एवढं विचारा.

आणि एका ठिकाणी तर कायद्याने किंमत जवळजवळ ठरवूनच दिली आहे. दृष्टिहीन आणि इतर दिव्यांग वाचकांसाठी काम करणारी संस्था पुस्तक ब्रेलमध्ये किंवा आवाजात करू शकते, आणि वाचकाकडून फक्त निर्मितीखर्च घेऊ शकते. या विषयावरच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत पहिला देश होता. तुमच्या गावात असा एक जरी वाचक असला, तर मला कळवा.

नुसत्या स्वस्त किमतीनेही भागत नाही. डॉ. आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासन अगदी परवडणाऱ्या किमतीत काढतं. पण मागणी असून छपाई रखडली, तेव्हा २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. छापील किंमत कमी आणि प्रत कुठेच नाही, हाही वाचकाच्या दृष्टीने नकारच.

कोल्हापूरकर म्हणून मला याचा एक जुना मार्ग दिसतो. १८५० पासून आपल्याकडे करवीर नगर वाचन मंदिर आहे. १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, भारतातला पहिला. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर २२ वर्षांनी, १९६७ मध्ये आला. संस्थानाने पुस्तकाची किंमत पाडायला लेखकाचा हात पिरगाळला नाही. पुस्तक विकत घेणारी आणि सर्वांना वाचायला देणारी जागा उभी करण्याची जबाबदारी आपल्याकडे घेतली. लेखकाला किंमत मिळाली पाहिजे आणि वाचकाला पुस्तक मिळालं पाहिजे, या दोन्ही गोष्टी एकदम साधायच्या तर मधला फरक भरणारं कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे तुमच्यासारखं वाचनालय. तुमचं अनुदान तुटपुंजं ठेवून कॉपीराइटधारकांना उपदेश करणं मला पटत नाही.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. मुलींच्या पुस्तकाची भारतीय आवृत्ती आहे का ते आधी बघा; नसेल तर मागची आवृत्ती चालेल का ते त्यांच्या सरांना विचारा. लागणारी प्रकरणं स्वतःच्या अभ्यासापुरती झेरॉक्स करायला कायदा आड येत नाही. २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठी केलेल्या प्रती कलम ५२ मध्ये बसतात असं म्हटलं. तो निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण वजनदार आहे. अख्खं पुस्तक झेरॉक्स करून, बांधून, दुकानात विकायला ठेवणं मात्र त्यात बसत नाही. सायबर चौकातल्या दुकानदारांना मी हे वारंवार सांगते.

इतिहासाचं पुस्तक बाजारात मिळत नसेल, तर तुमचं ना-नफा सार्वजनिक वाचनालय कलम ५२ खाली वाचनालयाच्या वापरासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती करू शकतं, आणि तुमच्याकडे मूळ प्रत असेल तर जतनासाठी ती स्कॅन करून ठेवू शकतं. याला वारसांची परवानगी लागत नाही. पावसाळ्याच्या आत हे करून घ्या, राधानगरीची ओल आणि वाळवी कुणाच्या परवानगीची वाट पाहत नाही.

छापण्यासाठी वारसांना स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पत्र पाठवा. त्यात किती प्रती, अंदाजे खर्च, किंमत, रॉयल्टीचा टक्का आणि हिशेबाच्या तारखा लिहा. मसुदा मी करून देते. उत्तर आलं नाही किंवा पुन्हा २ लाखच आले, तर ते कागद कलम ३१ साठी उपयोगी पडतील. आणि प्रकरण वर गेलंच, तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्याच शहरात आहे, मुंबईचे हेलपाटे नाहीत.

त्याआधी पुस्तकाच्या नावापाठच्या पानाचा फोटो मला पाठवा. जुन्या मराठी पुस्तकांत "सर्व हक्क" पुष्कळदा लेखकाच्या पत्नीच्या नावे असत, कधी प्रकाशकाच्या. २ लाख मागणाऱ्यांकडे तो हक्क आहे का, हे त्या एका ओळीवरून आधी पाहू.